बागेतला नाच
निलगिरीच्या ओल्या पानांचा वास आला, की ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नमधली लॉकडाऊनची एक दुपार आठवते. तिकडे पुण्यात बाबा वारले होते, विमानं बंद होती, त्यांचे अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले आणि तेव्हापासून मला रडूच येत नव्हतं. बायकोने बळेच बागेत फिरायला नेलं. तिथे आमच्या गल्लीतला सुदानी तरुण एकटाच नाचत होता आणि नाचता नाचता स्वतःची इंग्रजी कविता म्हणत होता: काळ्या पुरुषाने रस्त्यावर पळायचं नाही, लोक घाबरतात. घरात रडायचं नाही, आई घाबरते. मग हे एवढं अंग घेऊन त्याने जायचं कुठे? तो गुडघ्यांवर कोसळायचा, पुन्हा उठायचा. मी खिळून पाहत राहिलो. थांबल्यावर त्याने लांबूनच विचारलं, “यू ओके, मेट?” मी म्हटलं, “माझे वडील गेले. मला जाता आलं नाही.” जवळ यायची परवानगी नव्हती, म्हणून तो होता तिथेच खाली बसला. म्हणाला, “तूही बस. मला घाई नाही.” मी बसलो आणि रडलो. मास्क भिजून नाकाला चिकटला, श्वास कोंडला, तरी थांबता येईना. बाबा गेले तेव्हा कुठे होतास, असं नातेवाईक आजही विचारतात. मी ‘ऑस्ट्रेलियात’ म्हणतो. मनात मात्र ती बागच असते.