तिसरी किल्ली

व्यवसाय: किल्ल्या बनवणे. वय: साठी उलटलेली. वैवाहिक स्थिती: विधुर. मुलगे: एक, संपर्क नाही. सुना: एक, माजी. कुटुंब: एक व्यक्ती, तीच कुटुंबप्रमुख. विशेष नोंद: सदर इसमास आजवर एकही कुलूप अडवू शकलेले नाही.

किल्लीवाल्याला माणसांचे संसार किल्ल्यांवरून कळत. पूर्वी अख्ख्या घराला एकच किल्ली असे, तीही शेजारणीकडे. आता नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. आईबापांनी आठवडा वाटून घेतलेल्या पोरीच्या दप्तरात दोन घरांच्या दोन. दोन मैत्रिणींनी मिळून घर मांडलं, तेव्हा त्यांनी एकीच्या आईसाठीही एक करून घेतली. त्याने कधी कुणाला नातं विचारलं नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत तो भलताच पुढारलेला होता.

मुलाने बायकोला सोडलं, तेव्हा सून बॅग भरून दारात आली. हा म्हणाला, "गेलाय तो. तू कुठे निघालीस?" ती थांबली, ती कित्येक वर्षं. लोक बोलून बोलून थकले. मग तिचं दुसरं लग्न ठरलं आणि ती नव्या घराची किल्ली घेऊन दुकानात आली.

"बाबा, तीन करून द्या."

"दोघंच तर आहात."

"तिसरी तुमची. यायचं, जेवायचं, वाटलं तर राहायचं."

"कोण म्हणून? आधीचा सासरा?"

"नवरा आधीचा असतो. सासरा आधीचा झालेला मी तरी ऐकला नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे किल्ली देतेय?"

त्याने दोन घासून दिल्या. "कोऱ्या किल्ल्या संपल्यात. तिसरी नंतर बघू." त्याच्या पाठीमागे कोऱ्या किल्ल्यांच्या माळा लटकत होत्या. तिने त्या पाहिल्या, त्याच्याकडे पाहिलं. "बरं, नंतर," म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

तिला मुलगी झाल्याचं कळलं, तसा हा खुळखुळा घेऊन न कळवताच गेला. दाराला कुलूप. साध्यातलं कुलूप, खिशातल्या तारेने उघडलं असतं. तो पायरीवर उभा राहिला. समोरच्या बाई डोकावल्या.

"डॉक्टरकडे गेलेत. तुम्ही त्यांचे कोण?"

सगळी नाती त्याने मनातल्या मनात लावून पाहिली, एकही फिरेना.

"किल्लीवाला," तो म्हणाला.

"मग उघडा की, बसा आत."

"घरच्यांनी सांगितल्याशिवाय उघडत नाही आम्ही."

खुळखुळा कडीला अडकवून तो परतला. दुकानात येऊन त्याने माळेतली एक कोरी किल्ली काढली आणि वेगळ्या खिळ्याला टांगली. ती घासायला चहा निवण्याइतकाही वेळ लागणार नाही. फक्त नमुन्याची किल्ली लागेल, आणि ती सुनेकडे मागावी लागेल.

अजून मागितलेली नाही.