मंडळाची दुसरी सही

आमच्या पाणी मंडळाच्या कुठल्याही चेकवर दोन सदस्यांच्या सह्या लागत. पहिली अध्यक्षांची, ते गावातच राहायचे. दुसरी ऑर्व्हल मर्ट्झची, आणि तो राहायचा चाळीस मैलांवर, शेळ्या आणि कापूस सांभाळत. बावीस वर्षं दर दुसऱ्या मंगळवारी मी, मंडळाची कारकून, चेकांची थप्पी घेऊन त्याच्याकडे गाडी हाकत गेले.

तो हात धुऊन, चष्मा पुसून टेबलाशी बसायचा. प्रत्येक चेक वाचायचा. "नेल्डा, हे मीटर कोणाच्या बोअरला बसवलं?" मी सांगेपर्यंत पेन उचलायचा नाही. मग घरच्या सॉसेजचा तुकडा आणि कडू कॉफी. बायको गेल्यावर त्याच्या घरी नेमानं येणारी मी एकटीच होते.

आमच्या भागात नदी नाही. जे काही आहे ते जमिनीखाली, आणि त्याची राखण मंडळाकडे. पडीक बोअर बुजवायचं कामही आमचंच. ते करायचा डब हॅचर. दुकानात ऑर्व्हल दिसला की डब टोपी काढून म्हणायचा, "मालक, तुमच्या सहीवर माझं घर चालतं!" ऑर्व्हल "चल, काहीतरीच!" म्हणायचा, पण दिवसभर खुशीत असायचा.

मग लिसांड्रा किरोझ मंडळावर निवडून आली. छत्तीस वर्षांची, पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, बागा करणारी, बोलायला चटपटीत. मार्चच्या सभेत तिनं ठराव मांडला: यापुढे पैसे बँकेतून थेट खात्यात जावेत, दोघांनी फोनवर बोट दाबून मंजुरी द्यावी.

"म्हणजे पैसा हवेतून जाणार?" ऑर्व्हल म्हणाला.

"चेक तरी काय, पोस्टाच्या थैलीतूनच जातो ना?" लिसांड्रा हसून म्हणाली. सगळे हसले. ऑर्व्हल हसला नाही.

ठराव चार विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. ऑर्व्हलच्या घरी फोनला नीट रेंज नव्हती, त्यामुळे दुसरी मंजुरी लिसांड्राकडे गेली.

त्या दिवसापासून त्याला काहीतरी कुरतडू लागलं. दर सोमवारी तो ऑफिसात आपल्या कागदांची प्रत न्यायला यायचा आणि उगाच रेंगाळायचा. "काल तिच्याकडे जेवलीस म्हणे?" "तिची कॉफी कशी असते गं?" मी म्हटलं, "पातळ." त्याला तेवढंही बरं वाटलं. एकदा दुकानात डब त्याच्यादेखत लिसांड्राला म्हणाला, "बाई, बूट काढायच्या आत पैसे जमा! असं उभ्या आयुष्यात झालं नव्हतं." ऑर्व्हलकडे पाहून त्यानं नुसती मान हलवली. टोपी डोक्यावरच राहिली.

ऑगस्टमध्ये डबच्या नावानं एक ईमेल आली. तीन बोअर बुजवून झाल्या, बिल अठरा हजार सहाशे डॉलर, खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात पाठवा. मी ती तशीच मंजुरीसाठी पुढे पाठवली. डबला फोन करायचं मला सुचलं नाही, हे आधीच सांगते.

सोमवारी ऑर्व्हलनं माझ्या टेबलाशी बसून ते छापून काढलेलं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे तिनं पाहिलं?"

"आज पाहील."

"बरं," म्हणाला, आणि कागदाची घडी घालून निघून गेला.

गुरुवारी पैसे गेले. शुक्रवारी डब दारात उभा. "कसलं नवं खातं? आणि तिसरी बोअर अजून उघडीच आहे. माझं यंत्र पंधरा दिवस बंद पडलंय!"

बँकेनं धावपळ करून अकरा हजार अडवले, बाकीचे बुडाले. पुढच्या सभेत खुर्च्या कमी पडल्या. एकानं मागून ओरडून विचारलं, "बाई, बोट दाबायची इतकी घाई होती?" लिसांड्रा उभी राहिली. "चूक माझी. मी विचारायला हवं होतं. राजीनामा आणलाय."

माझीही चूक सांगायला मी उठणार, तेवढ्यात ऑर्व्हल उठला.

"तिसरी बोअर माझ्या कुंपणाला लागून आहे," तो म्हणाला. "पत्र वाचलं त्याच्या आदल्याच दिवशी मी तिच्यात खडा टाकून पाहिला होता, ती उघडीच होती. मला सोमवारीच कळलं होतं पत्र खोटं आहे ते."



"मग बोलला का नाहीत?" लिसांड्रानं विचारलं.

"तू तोंडावर आपटावीस म्हणून."

"ऑर्व्हल, दोन मिनिटांचा फोन होता. तुम्ही केला असता तर मी आयुष्यभर तुम्हाला विचारून बोट ठेवलं असतं."

राजीनामा ऑर्व्हलनं दिला, आणि मंडळानं तो स्वीकारला. लिसांड्रा राहिली. खातं बदलायचं म्हटलं की आता मी आधी माणसाला फोन करते, त्याचा आवाज ऐकते, मगच कागद पुढे पाठवते. ऑर्व्हलनं शेळ्या विकून मंडळाला चार हजारांचा चेक दिला. डब अजून त्याच्याशी बोलत नाही.

मी अधूनमधून जाते त्याच्याकडे. गेल्या आठवड्यात रस्त्यावरून लिसांड्राची गाडी गेली, तशी ती दिसेनाशी होईपर्यंत त्याची मान तिच्यामागे वळत राहिली.

"लाज वाटते गं," तो म्हणाला. "पण जळायचं काही थांबत नाही."

त्यानं कॉफी ओतली, मी प्याले.