शिवदासने न घातलेलं गाऱ्हाणं

हळर्णच्या देवळात लोकांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचं काम शिवदासकडे बापाकडून आलं. एरवी काजूची बाग नि दोन म्हशी. पण नारळ धरून त्याने "बा देवा म्हाराजा" म्हटलं की सभामंडपातली कुजबूज थांबे आणि मागून एका सुरात येई, "व्हय म्हाराजा!"

जत्रेला मांद्र्याच्या किनाऱ्याकडचे पाहुणे फोन उगारून उभे असत. शिवदास हटकत नसे. देवासमोरचा शब्द कुणी चोरून नेईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी त्याची मुलगी गौरवी साखळीहून कामावरून आली, ती चपला न काढताच. "बाबा, ह्यां तुमी कधी केलास?"

फोनात शिवदास. तेच उपरणं, तोच नारळ. "बा देवा म्हाराजा, ह्या चूर्णान लेकराची साखर जावंदे, सुयो सुटांदे..." मागून "व्हय म्हाराजा!" आणि खाली डब्याचं चित्र, 'आजच मागवा'.

शिवदासने ते परत लावून ऐकलं. "गळो माझोच गे. पण हे शब्द माझे न्हय."

"मशीन तुमचो आवाज करता, बाबा. तुमचो जत्रेचो व्हिडिओ घेतलेलो आसतलो. तक्रार केलंय, पण तो काडून टाकतले तेव्हा खरां."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात भागीरथीवयनी आली. शेजारच्या वाड्यावरची. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले. हातात तोच डबा.

"शिवदासबाब, तुमी सांगलास म्हणान साखरेची सुई बंद केलंय. आता देवाचो कौल लावा, म्हणजे डॉक्टराक कायमचो नमस्कार."

"वयनी, तो मी न्हय!"

"माझे कान फुटूक नाय अजून. मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणतले ते आमच्याच गावचे."

गौरवीने मशीनचं समजावून सांगितलं. भागीरथी हसली. "मशीन गाऱ्हाणां घालता? मगे उद्या तांच नारळय फोडतलां!" सभामंडपातली माणसंही हसली. हसताना तिला धाप लागली, खांब धरून ती खाली बसली.

शिवदासने फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवल्या. मूर्तीला लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजवर जे पडेल ते त्याने जसंच्या तसं सांगितलं होतं. आणि आज उजवी पडली तर? ही बाई घरी जाऊन सुई उकिरड्यावर टाकेल. त्याने पाकळ्या परत तबकात ठेवल्या.

"कौल लावूचंय नाय. पयली सुई घे."

"देवाक इचारूक भियतास?"

"भियतंय, वयनी."

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की कुणी हसलं नाही. गौरवी रिक्षा बघायला धावली. भागीरथी हलेना. तेव्हा त्याने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आता उठान दवाखान्यात जावंदे..."

मागून काहीच आलं नाही. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा तरी खरा का, अशी.

मग खांबाकडून एकटा कोरडा आवाज आला. "व्हय... म्हाराजा."

गौरवीने तिला उठवून रिक्षात बसवलं. रिक्षा उतारावरून दिसेनाशी झाली, तरी शिवदास नारळ धरून तसाच उभा होता. ही एक देवळात विचारायला आली. फोनातलं ऐकून आणखी कुठल्या कुठल्या घरांत सुया बंद झाल्या असतील, ते त्याला कोण सांगणार होतं?