सहायक बंद असताना

आमच्या दैनिकाची संपादकीय बैठक रोज सकाळी लॅपटॉपवर होते. संपादक मुंबईहून असतात. नाशिकच्या कार्यालयातून मी आणि शेजारच्या टेबलावरची तरुण उपसंपादक. शिवाय एआय सहायक. कोण काय बोललं ते तो पडद्याच्या तळाशी लिहीत जातो आणि बैठक संपली की सारांश पाठवतो. बाकीचे तो सारांश उघडतही नसावेत. मी मात्र त्याच्या भरवशावर नोकरी करत होतो.

माझे दोन्ही कान जात आले आहेत. नस कमजोर झाली, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून पाहिलं. पंख्याची घरघर मोठी झाली, शब्द झाले नाहीत. हे कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बहिऱ्या पत्रकाराला दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं, आणि घरात पगार माझा एकट्याचा. तालुक्याच्या वार्ताहरांना मी रेंज नसल्याचं सांगे आणि बातमी टाइप करून मागवे.

यंदाच्या उन्हाळ्यात एका बैठकीच्या सुरुवातीलाच पडद्याच्या तळाची अक्षरं थांबली. विषय नाजूक म्हणून संपादकांनी सहायक बंद केला होता, हे मला नंतर समजलं. संपादक खाली कागदात पाहून बोलत होते, त्यामुळे ओठांवरूनही काही कळेना. मग ते थांबले. चौकटींतले सगळे चेहरे थांबले. उत्तर माझ्याकडून हवं होतं. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो, चालेल."

त्या दिवशी सारांश आला नाही. शेजारच्या टेबलावरून मेसेज आला: "सर, नंदीबैलासारखी मान काय हलवलीत? फोन तर तुम्ही उचलतच नाही."

लक्ष नव्हतं, असं सांगून मी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. बातम्या तपासणारं आमचं डेस्क मुंबईला जाणार होतं, तीही जाणार होती. नाशिकमध्ये एकच जागा राहणार होती. चांदवड, सटाणा, सायखेड्याचे वार्ताहर व्हिडिओ कॉलवर बातमी सांगतील. त्या माणसाने ती ऐकायची, उलट प्रश्न विचारायचे आणि लिहायची. ती जागा मी स्वीकारली होती.

पहिला कॉल सटाण्याच्या वार्ताहराचा आला, बाजार समितीच्या आवारातून. मागे कांद्याचे ट्रॅक्टर उभे होते. मी कॉल लॅपटॉपवर घेतला आणि सहायक सुरू केला. त्या वार्ताहराच्या बोलण्यात निम्मी अहिराणी असते. पडद्यावर मात्र सरळ, छापील मराठी उमटत गेली: व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडला, शेतकरी ताटकळले. बातमी जवळजवळ तयार होती.

मी विचारलं, "व्यापाऱ्यांनीच बंद पाडला ना?"

त्याने जोरात मान हलवली, नकाराची. हात आडवा हलवला, मागच्या गर्दीकडे बोट दाखवलं आणि बराच वेळ बोलला. खाली उमटलं: हो, व्यापाऱ्यांनीच लिलाव बंद पाडला.

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा नकार दिला. खाली पुन्हा होकार, या वेळी आणखी सुबक वाक्यात. नंतर चित्र गोठलं आणि कॉल तुटला. टाइप करून पाठव, हा माझा मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

आता माझ्यासमोर सहायकाने लिहिलेले चार परिच्छेद होते. त्यांतलं एकही वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. लिलाव कुणी बंद पाडला एवढीच बातमी होती, आणि तेवढंच मला माहीत नव्हतं. मुंबईहून मेसेज आला: सटाणा कुठंय?

मी संपादकांना लिहिलं: "मला ऐकू येत नाही. त्या बैठकीत मी न ऐकता हो म्हणालो. सटाण्याची बातमी लावू नका, ती खरी की खोटी हे मी सांगू शकत नाही."

मेसेज पाठवला. टेबलावर मोबाइलचा पडदा उजळला, सटाण्याचा वार्ताहर परत कॉल करत होता. पडदा विझेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो.