सावंतकाकूंना स्टॉपवर सोडून

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुला सांगतोय, तर सगळंच सांगतो.

बसचं तिकीट स्वस्त झालं तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सभेत उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो — इतक्या कमी पैशांत बस घाटकोपरला नेऊन सोडतेय, तर रोज गाड्या काढायच्याच कशाला? माझी उद्यापासून बंद! टाळ्या पडल्या. भाषण झकास झालं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो.

तळमजल्यावरच्या सावंतकाकांनी तर आपली जुनी गाडी विकूनच टाकली. "तू म्हणालास ना, मग झालं!"

मी किती दिवस बसने गेलो? अकरा. बाकीचे जात राहिले, इतर सोसायट्यांतलेही — म्हणूनच तर रस्ता जरा मोकळा झाला. आणि मोकळा रस्ता बघून मलाच मोह झाला. गाडी मागच्या गल्लीत लावायला लागलो. सकाळी सगळ्यांदेखत स्टॉपच्या दिशेने निघायचो आणि कोपऱ्यावरून वळायचो.

मग मे महिन्यातली ती दुपार. सिग्नलला थांबलो, तर डावीकडे बसस्टॉपवर काका-काकू. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालेला, हातात काठी. बसचा पत्ता नाही. माझी मागची सीट रिकामी — दार उघडायचं, एवढंच. पण मग गाडी कशी काय, हे सांगावं लागलं असतं. काकूंनी थेट माझ्याकडे पाहिलं. मी — मान फिरवली. सिग्नल सुटला. निघालो.

थोड्या वेळाने काकू तिथेच चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं.

संध्याकाळी भेटायला गेलो. काका म्हणाले, "अरे, तुझ्यासारखीच गाडी गेली समोरून. मी हिला म्हटलं, तो नसणार. तो शब्दाचा पक्का."

काकू प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही, तो नव्हताच." मग, "चहा घेशील ना रे?"

काका चहा टाकायला आत गेले. आम्ही दोघंच उरलो. मी काय केलं? पंख्याचा वेग वाढवू का, विचारलं.

काकू त्यानंतर तीन वर्षं होत्या. रोज जिन्यापाशी भेटायच्या, हसायच्या. त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही — आणि मला रोज काढता आला असता.