खिडकीपाशी घेतलेलं नाव

नातवंडांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तू डबा घेऊन कुणाकडे जातेस? एका म्हातारीकडे, असं म्हणून मी विषय बदलला. तुमची झोपायची वेळ झाली होती, आणि ते थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं. पण आता माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. डबा पोहोचवणं फार काळ जमणार नाही, म्हणून थांबण्याआधी लिहून ठेवते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तुम्हीही इंग्रजीच पटकन वाचता. पण ती बाई मराठीत बोलते, म्हणून हेही मराठीतच. हळूहळू वाचा.

आमच्या कॉलनीतल्या आम्ही काही निवृत्त बायका रविवारी सकाळी लकडगंज भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना जेवण नेत असू. तिथे लाकूड कापायच्या आरामशिनीच्या भिंतीला लागून एक म्हातारं जोडपं राहायचं, कुहीकडच्या एका खेड्यातून आलेलं. त्याला अर्धांगवायू झालेला. काठी घेऊनही चालता येत नव्हतं, आणि बोलणं फक्त तिलाच कळायचं. ती लाकडाच्या ढलप्या वेचून आणायची आणि विटांच्या चुलीवर भात शिजवायची.

बेघरांचा निवारा तिथून दूर नव्हता. पण बायका एका इमारतीत, पुरुष दुसरीत. निदान उन्हाळ्यापुरतं तरी जा, असं मी तिला दर वेळी समजवायची. तिचं उत्तर ठरलेलं होतं. “मी तिकडं, हे इकडं. मंग ह्यायले पानी कोन पाजन?” दोघांना एकत्र ठेवा, हे सांगायला आम्ही निवाऱ्याच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि नियमात बसत नाही म्हणाले.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती ढलप्या आणायला गेलेली असताना तो उन्हाने बेशुद्ध पडला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने रुग्णवाहिका बोलावली. त्याने योग्यच केलं. पण ती परतली तेव्हा गोणपाटावर नुसती काठी पडली होती. मी डबे घेऊन पोहोचले तर ती काठी छातीशी धरून उभी, आणि चहावाला तिला पुन्हा पुन्हा सांगतोय की सरकारी दवाखान्यात नेलं आहे. मी तिला ई-रिक्षात बसवलं.

दवाखान्यात चौकशीच्या खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आल्यावर आतल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं. तिने काठी घट्ट धरली. त्याने पुन्हा विचारलं.

“आमचे म्हातारे,” ती म्हणाली.

“मावशी, इथं सगळे म्हातारेच येऊन राहिले.”

मागे दोघं-तिघं हसले. माझ्या कानात सांगा, मी त्यांना सांगते, असं मी म्हटलं, तर तिने मान हलवली. इतके दिवस त्यांना डबा देत होते, पण ते नाव मीही कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. तुमच्या पणजीनेही कधी घेतलं नाही. पण तिला अशा खिडकीपाशी उभं राहावं लागलं नाही.

रांगेतल्या मागच्या बाईने तोड काढली. “उखाण्यात घे ना वं माय. उखाण्यात चालते.”

उखाणा म्हणजे दोन ओळींत गुंफून नवऱ्याचं नाव घ्यायचं. लग्नात सगळे आग्रह करतात, नवरी लाजते. म्हातारीने त्या बाईकडे वळून बघितलं. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खिडकीचा गज धरला आणि स्वतःच्या लग्नातला उखाणा म्हटला. धानाच्या बांधावरून सुरू होणारा, आणि शेवटी नाव. कुणीतरी “वा” म्हणालं. 

आतल्या माणसाने संगणकात पाहिलं. त्या नावाचं कुणीच नव्हतं. असणार कसं? ज्याचं बोलणं कुणाला कळत नाही, त्याची नोंद ‘अनोळखी पुरुष’ अशी झाली होती.

एकेक वॉर्ड बघत आम्ही फिरलो. व्हरांड्याच्या टोकाला, जमिनीवरच्या गादीवर तो सापडला, हाताला सलाईन लावलेला. तिने पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं. त्याने डोळे उघडले, असं ती सांगते. मला तसं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

डॉक्टर उष्माघात म्हणाले. मीही तिला तेच सांगत राहिले.

“मीनं नाव घेतलं,” ती म्हणाली. “अन् तेही फुकट गेलं.”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

आता ती बायकांच्या निवाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. न जाण्याचं कारणच उरलं नाही. आरामशिनीच्या भिंतीपाशी पत्र्याचं कुंपण आलंय, चुलीच्या विटा कुणी नेल्या कोण जाणे, आणि काठी त्या धावपळीत दवाखान्यातच राहिली. मी नेलेला डबा ती उघडते, अर्धा जेवते, अर्धा तसाच झाकून ठेवते. संध्याकाळी तो खराब होतो.

मात्र, तुमचे कोण होते, असं कुणी विचारलं की ती आता सरळ नाव सांगते. उखाण्याशिवाय, आडनावासकट, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेवढं एक नाव उरलं आहे, आणि ते घेणारी ती आहे.