नवरात्रातला साबुदाणा आणि माझं लिव्हर

"रक्तगट जुळतो, नातं जुळतं, पण तुमचं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही," घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "फॅटी आहे. चरबी फार आहे त्यात."

माझी चरबी आजवर फक्त लग्नाच्या फोटोंत आडवी यायची. ती भावाच्या जिवावर उठेल असं वाटलं नव्हतं.

सुहास माझा धाकटा भाऊ. तो कळव्याला राहतो, मी डोंबिवलीत. दारूला कधी शिवला नाही, पण त्याचं शरीरच त्याच्या लिव्हरवर उलटलं. सिऱ्हॉसिस, म्हणजे लिव्हर वाळून कडक होत जातं. पोटात पाणी, डोळे पिवळे. कोणाच्या तरी लिव्हरचा तुकडा मिळाला तरच तो वाचणार होता, आणि घरात जुळणारी मी एकटी.

वजन उतरवा, मग पुन्हा फायब्रोस्कॅन करू, असं ठरलं. फायब्रोस्कॅन म्हणजे बरगड्यांवर यंत्र टेकवून आतली चरबी मोजतात. दुखत नाही, लाज मात्र वाटते.

त्यातच नवरात्र बसलं. टेंभी नाक्याच्या देवीसमोर उभी राहून मी नऊ दिवसांचे उपास बोलले. आई, एवढं लिव्हर बारीक करून दे. तेल बंद, तूप बंद. उपाशी बाईच्या अंगात चरबी येणार कुठून?

त्या दिवसांत मी सुहासकडेच राहत होते. त्याची बायको मीना मला एक मिनिट रिकाम्या पोटी ठेवायची नाही. साबुदाण्याची खीर, गूळ घातलेली रताळी, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. "ताई, खा हो. तुमच्यात ताकद राहिली पाहिजे." नको म्हटलं की तिचे डोळे भरायचे. नवऱ्याचा जीव जिच्या पोटात, तिला उपाशी ठेवायची हिंमत तिच्यात नव्हती. आणि खायला नाही म्हणायची माझ्यात कधीच नव्हती.

दुसऱ्या स्कॅनला चरबी तसूभर हलली नव्हती. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, उलट वाढलेली.

"काय खात होतात?"

"उपास होते," मी अभिमानाने सांगितलं. मीनाने भाबडेपणाने सगळे पदार्थ सांगितले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"लिव्हरला चरबी करायला तेल लागत नाही. जास्तीची साखर, पिष्टमय पदार्थ मिळाले की ते स्वतःच बनवतं." मग त्यांनी एका एन्झाइमचं नाव सांगितलं, एटीपी सायट्रेट लायेज. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार. हा कामगार साखरेपासून कच्चा माल तयार करतो, आणि त्यातूनच पुढे चरबीही होते, कोलेस्टेरॉलही. मी देवीपुढे उपाशी होते, आणि आत या कामगाराचा ओव्हरटाइम चालला होता.

मीना बाहेर जाऊन बाकावर बसली. "मीच खायला घातलं, ताई. मीच मारलं त्यांना."

"गप गं. तू वाढलंस, पण दुसऱ्यांदा वाटी पुढे कोणी केली?" मी म्हटलं. ती हसली नाही. मीही नाही.

माझं कोलेस्टेरॉल जुनंच दुखणं. त्यावरच्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी मांड्या दुखायच्या. म्हणून डॉक्टरबाईंनी बेम्पेडोइक ॲसिड दिलं. ही गोळी त्याच कामगाराला अडवते, आणि तेही लिव्हरमध्येच. स्नायूंमध्ये ती चालू होत नाही, म्हणून पाय सहसा दुखत नाहीत. युरिक ॲसिड वाढू शकतं, त्याची तपासणी करत राहायची.

"मग लिव्हरची चरबीपण जाईल?"

"कोलेस्टेरॉल उतरेल. लिव्हरच्या चरबीबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही. गोळीच्या भरवशावर बसू नका. चाला आणि साखर सोडा."

त्याच आठवड्यात सुहासला ॲडमिट केलं. लिव्हर रक्त साफ करेना, विष डोक्यात चढायला लागलं. मी कॉटजवळ गेले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

मी बाहेर आले आणि चालत सुटले. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसेसना मी मागे टाकलं. एरवी मी ही गोष्ट घरी रंगवून सांगितली असती. तेव्हा फक्त एकच हिशेब डोक्यात होता, आधी काय संपेल, माझी चरबी की तो?

मग कित्येक आठवडे रोज तेच. भाजी, डाळ, एक भाकरी, आणि पाय सुजेपर्यंत चालणं. देवीकडे मागणं सोडलं नाही, साबुदाणा सोडला. सुहास औषधांवर तगून होता; मीनाचा फोन मी पहिल्याच रिंगला उचलायचे.

तिसऱ्या स्कॅननंतर डॉक्टरबाईंनी आकडे दोनदा तपासले. "चालेल," म्हणाल्या. कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं होतं, ते गोळीने. लिव्हरच्या चरबीत गोळीचं किती आणि माझ्या पायांचं किती, त्यांना सांगता येईना. मी खोदून विचारलंही नाही.

तुमच्या घरात कोणी लिव्हर द्यायला निघालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा काय खायचं ते. गोळी मनाने घेऊ नका. आणि त्या माणसाला मायेने खीर वाढू नका.

ऑपरेशननंतर मला व्हीलचेअरवरून सुहासकडे नेलं. शेजारी मीना. त्याचे डोळे अजून पिवळेच होते. तो माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की मीनाने माझा खांदा घट्ट धरला.

"ताई, बारीक झालीस गं."

हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायची मी जन्मभर वाट बघितली होती. आणि ऐकू आलं ते फक्त 'ताई'.